रात्रीची उठबस आणि चिनी वैद्यक

काही तक्रारी माणूस डॉक्टरलाही सांगत नाही, मग चारचौघांत त्यांचा उच्चार कोठून होणार? रात्री लघवीला वारंवार उठावे लागणे ही अशीच एक तक्रार. गुडघा धरला, पाठ भरली, तर माणूस येणाऱ्या-जाणाऱ्यास सांगतो. पण रात्रीची ही उठबस घरातल्यांनाही कळते ती दाराच्या कडीच्या आवाजावरून. ‘वय झाले, आता असेच चालायचे’ अशी समजूत घालून वर्षे काढली जातात. वस्तुतः प्रश्न केवळ मोडलेल्या झोपेचा नाही. अर्धवट झोपेत, अंधारात, परसाकडे जाताना पायरी चुकते, खुब्याचे हाड मोडते, आणि कालपर्यंत मंडईत जाऊन भाजी आणणारा गृहस्थ अंथरुणास खिळतो. शिवाय या उठबशीच्या आड मधुमेह किंवा हृदयाचा विकार लपलेला असू शकतो. तेव्हा विषय संकोचाचा असला तरी संकोच बाजूस ठेवून बोलणे भाग आहे.

यावर चिनी वैद्यक काय म्हणते हे सोलापुरात कशासाठी पाहावयाचे, असे कोणी विचारील. सोलापूरचा आणि चीनच्या रुग्णशय्येचा संबंध आपणांस नव्याने सांगावयास नको. १० ऑक्टोबर १९१० रोजी या गावी जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ च्या सप्टेंबरात मुंबईहून चीनला निघाले. पाच भारतीय डॉक्टरांच्या त्या पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, कोटणिसांचा तेथेच अंत झाला. भैय्या चौकातील त्यांचे स्मारक आपण पाहिलेलेच असेल. कोटणीस हे पाश्चात्त्य विद्येचे शल्यवैद्य. जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करणे हे त्यांचे तेथील काम. परंतु त्याच पथकातील त्यांचे सोबती, कलकत्त्याचे डॉ. बिजयकुमार बसू, १९५८ साली पुन्हा चीनला गेले, सुया टोचून उपचार करण्याची विद्या शिकून आले, आणि १९५९ पासून त्यांनी ती कलकत्त्यात वापरण्यास आरंभ केला. ज्यास आज आपण ॲक्युपंक्चर म्हणतो ते आपल्या देशात रुजले ते असे.

आता मूळ विषयाकडे. चिनी वैद्यकाचा आधारग्रंथ ‘हुआंगदी नेइजिंग’ हा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सिद्ध झाला. त्यातील शरीराची कल्पना समजून घेण्यास एक शब्द अवश्य हवा, आणि नेमका तोच आपल्या कानास विपरीत वाटतो : ‘छी’. आपण किळस आली म्हणजे जो उद्गार काढतो, तोच चिनी माणसाच्या लेखी जिवाचे चलनवलन करणारी शक्ती होय. आपण तिला येथे प्राणशक्ती म्हणू. दुसरा शब्द ‘शेन’. याचे भाषांतर मूत्रपिंड असे करतात, पण ते अपुरे आहे. शेनकडे त्यांनी केवळ मूत्र सोपविलेले नाही. वाढ, प्रजननशक्ती, हाडे, डोक्याचे केस, कानांची श्रवणशक्ती, इतकेच काय पण भीतीची भावनाही, ही सारी शेनच्या खात्यात जमा आहेत. शवविच्छेदन करून हातात धरता येते ते मूत्रपिंड निराळे आणि हे शेन निराळे. हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे पुष्कळ घोटाळा होतो. चिनी वैद्याने ‘तुमचे शेन दुर्बळ आहे’ म्हटले की रोगी घाबरून रक्त तपासावयास धावतो, आणि उलट, तपासणीत मूत्रपिंड ठीक निघाले म्हणजे वैद्यास खोटा ठरवितो. दोघांचे बोलणे एकाच वस्तूविषयी नसतेच.

शेनच्या ठायी एक ऊब आहे असे ते मानतात. चुलीवरच्या आधणाची कल्पना करावी. खाली विस्तव नीट असेल तर पाण्याची वाफ होऊन ती वर चढते. विस्तव मंदावला तर पाणी गार, जड राहते आणि तळाशी साचते. शरीरातील पाण्याचेही तसेच. शेनच्या उबेने त्यातला उपयुक्त भाग वर जाऊन पुन्हा कामी येतो आणि उरलेले तेवढे मूत्राशयात उतरते. ऊब कमी पडली की वर जावयाचे पाणीही खालीच येते : लघवी पुष्कळ होते, पाण्यासारखी स्वच्छ होते आणि तिला आवरून धरणारे दारही सैल पडते. मग हे रात्रीच का? तर दिवस हा उष्ण, चळवळ्या ‘यांग’चा आणि रात्र ही शीत, स्थिर ‘यिन’ची. ज्याच्याजवळ यांगची शिल्लक भरपूर आहे त्यास रात्रीची ओहोटी जाणवत नाही. ज्याची शिल्लक आटली त्याचे दिवाळे रात्री निघते.

ही शिल्लक वयाने कशी आटते याचा हिशेबही त्या ग्रंथात आहे. स्त्रीचे आयुष्य सातासातांच्या आणि पुरुषाचे आठाआठांच्या टप्प्यांनी मोजले आहे. सात सत्ते एकोणपन्नासाव्या वर्षी स्त्रीचा विटाळ थांबतो; आठा पंचे चाळिसाव्या वर्षी पुरुषाचे शेन उताराला लागून केस गळू लागतात आणि चौसष्टाव्या वर्षी दात व केस दोन्ही जातात. आकड्यांचा हट्ट सोडून दिला तर निरीक्षण काही वावगे नाही. म्हातारपण, थंडी, कमरेतला जडपणा, कानातला नाद आणि रात्रीची लघवी ही मंडळी एकमेकांच्या सोबतीने येतात हे त्यांनी टिपले होते.

तथापि प्रत्येक रोग्यास एकच निदान लावणारा वैद्य तेथेही कच्चा समजला जातो. चिनी वैद्य जीभ पाहतो, आवाज ऐकतो, नाडी धरतो आणि प्रश्न फार विचारतो. समजा, एक सत्तरीचे आजोबा आहेत. भर वैशाखातही त्यांना पायांवर पांघरूण लागते, कंबर व गुडघे दुबळे झालेत, लघवी पांढरीस्वच्छ व पुष्कळ होते. ही झाली शेनची ऊब कमी झाल्याची खूण. दुसरी एखादी बाई, बाळंतपणे झालेली, दिवसभर उभ्याने राबणारी. तिला ओटीपोटात काही खाली उतरल्यासारखे वाटते, जरा चालले की दम लागतो, खोकताना थेंब सुटतो. येथे वैद्य म्हणेल की प्राणशक्ती वर उचलून धरण्यास कमी पडते. तिसरा मनुष्य पन्नाशीचा; तळहात-तळपाय भाजतात, रात्री घाम येतो, घसा कोरडा, लघवी थोडी व गडद, पण वारंवार. त्याची ऊब कमी नसून ओलावा कमी आहे. आणि चौथ्यास लघवी करताना आग होते. त्याच्यामध्ये ‘ओली उष्णता’ साचली आहे. चौघांची तक्रार एकच, उपचार चार. पहिल्याचे औषध तिसऱ्यास दिले तर त्याची आग वाढेल असे ते बजावतात.

आयुर्वेद जाणणाऱ्या श्रोत्यांस येथे ओळखीची वाट दिसेल. आपल्याकडे मलमूत्राचे विसर्जन व धारण अपान वायूकडे आहे, म्हातारपण हा वाताचा काळ आहे, आणि मूत्रवह स्रोतसांचे मूळ बस्तीत सांगितले आहे. प्रमेहाचे वीस प्रकार करणाऱ्या आपल्या आचार्यांनी गोड लघवीला मुंग्या लागतात हे पाहिले होते. तांग राजवटीतील चिनी वैद्यांनीही तहान-क्षयाच्या रोग्याची लघवी गोड असते अशी नोंद करून ठेवली. आपल्या घरी अंथरूण ओले करणाऱ्या पोरास आजी तीळगूळ चारीत असे, तो ऊब देण्याचाच विचार. मात्र दोन्ही शास्त्रे एकच आहेत असे म्हणण्याची घाई करू नये. आपले त्रिदोष आणि त्यांचे यिन-यांग यांची जमवाजमव करू गेल्यास दोहोंचीही ओढाताण होते.

उपचारांत सुया आणि शेक प्रथम. बेंबीखाली चार बोटांच्या रुंदीवर ‘ग्वान युआन’ हा बिंदू आहे. कमरेवर मणक्याच्या दोन्ही बाजूंस शेनचे बिंदू आहेत. आणि पायाच्या आतल्या बाजूस, घोट्याच्या वर चार बोटांवर, ‘सान यिन ज्याओ’ म्हणजे तीन यिन वाहिन्यांचा संगम आहे. ही बोटे वैद्याची नव्हेत, रोग्याची स्वतःची. आपल्या आयुर्वेदात अंगुलाचे माप जसे ज्याचे त्याच्या बोटाने घेतात तसेच. ऊब कमी असेल तर सुईपेक्षा शेकास महत्त्व. त्यासाठी एका वनस्पतीच्या वाळक्या पानांची लोकर करून तिची वात पेटवितात आणि त्वचेस न टेकवता बिंदूवर धरतात. ही वनस्पती आपण चैत्रात देवाला वाहतो त्या दवण्याच्या कुळातील आहे. डाग देण्याच्या आपल्याकडील क्रूर प्रकाराशी या शेकाची गल्लत करू नये. परंतु ज्यांस मधुमेहाने पायांत बधिरता आली आहे त्यांनी हा शेकही घेऊ नये. चटका बसल्याचे कळत नाही आणि जखम महिनोन्‌महिने भरत नाही.

आता खरी कसोटी. लघवीची तक्रार मूत्राशयाची आणि सुई घोट्यावर, याला काही अर्थ आहे का? अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञ मग्वायर यांनी १९८३ साली, चिनी बिंदूंच्याच सूचनेवरून, पायातील मज्जातंतूस त्वचेवरून सौम्य विद्युत्प्रवाह देऊन अनावर मूत्राशय शांत होते का ते पाहिले. घोट्याच्या आतून जाणारा टिबियल नावाचा मज्जातंतू कमरेखालच्या, त्रिकास्थीच्या भागातील मुळांतून येतो आणि मूत्राशयाचे नियंत्रण करणारे तंतूही तेथूनच निघतात. म्हणजे घोट्यावर दिलेला संदेश मूत्राशयाच्या कचेरीतच पोहोचतो. पुढे याची रीतसर पद्धत बसली : घोट्याच्या थोडे वर एक बारीक सुई, तिला विजेचा मंद प्रवाह, आठवड्यातून एकदा अर्धा तास, असे बारा आठवडे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत २२० रोगी होते. निम्म्यांना खरा उपचार दिला आणि निम्म्यांना, त्यांस न कळू देता, नुसता देखावा. खऱ्या उपचाराने शंभरातील सुमारे ५५ जणांना चांगला उतार पडला, देखाव्याने सुमारे २१ जणांना. देखाव्यानेही एकवीस जणांस बरे वाटले, हा आकडाही विसरण्याजोगा नाही. सुईचे गोडवे गाणाऱ्यांनी तो विशेष ध्यानात ठेवावा. चीनमध्ये ५०४ स्त्रियांवर झालेल्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले, कमरेच्या बिंदूंवरील विद्युत्‌सुयांनी खोकताना-शिंकताना होणारी गळती देखाव्यापेक्षा अधिक कमी झाली.

यातून काय घ्यावयाचे? तीन यिन वाहिन्या कोणी शरीर उघडून दाखविलेल्या नाहीत, पण त्यांच्या संगमाची म्हणून सांगितलेली जागा मज्जातंतूच्या अगदी शेजारी निघाली. उपपत्ती एक आणि अनुभव दुसरा असे वैद्यकाच्या इतिहासात अनेकदा घडले आहे. अर्थात या दोन्ही चाचण्या मुख्यतः अनावर मूत्राशयाच्या व गळतीच्या आहेत. ज्याचे मूत्राशय शहाणे आहे पण रात्री लघवीच पुष्कळ तयार होते, त्यास घोट्यावरची सुई किती उपयोगी पडेल याविषयी इतका भक्कम पुरावा मिळत नाही.

औषधांचे प्रकरण अधिक नाजूक आहे. ‘सुओ छ्युआन वान’ म्हणजे झरा आवरणारी गोळी. नाव किती समर्पक! तिच्यात तीनच वस्तू : आपल्या कोनफळाच्या जातीचा एक कंद, वेलदोड्याच्या कुळातील एक फळ आणि एका झाडाचे सुगंधी मूळ. दुसऱ्या एका औषधात तुतीच्या फांदीवर चिकटलेले प्रार्थनाकीटकाच्या अंड्यांचे कोष घालतात. मखाना, कमळाचे बी, अक्रोड यांस ते ‘धरून ठेवणारे’ आहार मानतात. म्हाताऱ्यांच्या गार शेनवरील प्रसिद्ध ‘जिन ग्वेइ शेन छी वान’ हे इसवी सन २०० च्या सुमारास होऊन गेलेल्या चांग चुंग-चिंग या थोर वैद्याचे. त्यातील आठ द्रव्यांत दालचिनीसोबत एक मूळ आहे, ते आपल्या बचनागाचे भावंड. संस्कार करून, मोजून दिले तर औषध, नाहीतर हृदय बंद पाडणारे विष. कोणाच्या तरी सांगण्यावरून टपालाने मागवून घेण्याची ही वस्तू नव्हे.

पण त्याहूनही भयंकर गोष्ट बेल्जियममध्ये घडली. ब्रसेल्स येथे वजन उतरविण्यासाठी चिनी वनौषधी घेतलेल्या तरुण स्त्रियांची मूत्रपिंडे झपाट्याने निकामी होऊ लागली. १९९३ साली हा प्रकार उघड झाला आणि पुढे अशा रुग्णांची संख्या शंभरावर गेली. एका वनस्पतीच्या ऐवजी सारख्याच उच्चाराची दुसरी, ॲरिस्टोलोकिया कुळातील, मिसळली गेली होती. वाचलेल्यांपैकी अनेकींच्या मूत्रमार्गात नंतर कर्करोग आढळला. याच कुळातील ‘ग्वान मू थोंग’ ही वेल तर चीनमध्ये लघवीच्या आगीवरील औषधांतच वापरात होती. २००३ साली तेथील सरकारने ती बंद केली. लघवीच्या तक्रारीवर घेतलेल्या औषधाने मूत्रपिंडच जावे, याहून दैवदुर्विलास कोणता? आपल्याकडेही या कुळातील ईश्वरी किंवा सापसण ही वनस्पती झाडपाल्याच्या औषधांत आहे. तेव्हा ‘वनस्पतीचे औषध, अपाय काय होणार’ हे वाक्य जेथे ऐकू येईल तेथून उठून जावे.

आता चिनी वैद्य जेथे थांबतो तेथून पुढचे. त्याने रात्रीच्या लघवीचा संबंध वयाशी आणि रात्रीशी जोडला, तो बरोबरच होता. रात्री लघवी कमी तयार व्हावी म्हणून मेंदूतून एक स्राव सुटतो, आणि वयाबरोबर त्याची रात्रीची वाढ मंदावते. दिवसभर पायांत उतरलेले पाणी आडवे झाल्यावर रक्तात परतते आणि लघवीवाटे बाहेर पडते. परंतु नाडी धरून रक्तातील साखर कळत नाही, आणि जीभ पाहून प्रोस्टेट ग्रंथी किती वाढली ते समजत नाही. झोपेत घोरताना श्वास अडणाऱ्या माणसाच्या हृदयावर ताण पडून लघवी वाढते, हेही अलीकडचेच ज्ञान आहे. त्याची बायको म्हणते घोरण्यावर उपाय करा, तो म्हणतो लघवीवर करा, दुखणे एकच.

म्हणून कोणत्याही वैद्याकडे जाण्यापूर्वी तीन दिवस एक वही ठेवावी. घरात मापाचे एक भांडे घ्यावे, प्रत्येक वेळची लघवी मोजावी, वेळ लिहावी, काय व किती प्यालो तेही लिहावे. रात्री झोपल्यापासूनची सारी आणि सकाळी उठल्यावरची पहिली, ही रात्रीच्या खात्यात धरावयाची. समजा, चोवीस तासांत दीड लिटर झाली आणि रात्रीच्या खात्यात सहाशे मिलिलिटर आली, तर ती दोन पंचमांश झाली. पासष्टीपुढच्या माणसात हा वाटा एक तृतीयांशाहून अधिक असेल तर लघवी रात्रीच जास्त तयार होते आहे, दोष मूत्राशयाचा नव्हे. दर खेपेस जेमतेम कपभरही होत नसेल तर मूत्राशय किंवा प्रोस्टेट पाहावयास हवे. आणि दिवसरात्र मिळून तीन-साडेतीन लिटर होत असेल, तहानही तितकीच असेल, तर दुसऱ्याच दिवशी साखर तपासावी. लघवीत रक्त दिसले, ताप आला किंवा लघवी अडली तर वहीसाठीही थांबू नये.

काही साधे उपाय दोन्ही वैद्यकांस मान्य होतील. पाय सुजत असतील तर दुपारी तासभर उंच ठेवून पडावे, म्हणजे ते पाणी दिवसाच निघून जाते. रक्तदाबाची लघवी करविणारी गोळी रात्री घेत असल्यास तिची वेळ डॉक्टरांना विचारून बदलावी. गोळी आपल्या मनाने बंद करू नये. चिनी वैद्यक खारट चव शेनची मानते. जपानातील नागासाकी येथील डॉक्टरांनी ३२१ रोग्यांना मीठ कमी करण्यास सांगितले आणि २०१७ साली त्याचे निष्कर्ष मांडले. ज्या २२३ जणांनी रोजचे मीठ १०.७ ग्रॅमवरून ८ ग्रॅमवर आणले, त्यांच्या रात्रीच्या खेपा सरासरी २.३ वरून १.४ झाल्या, ज्यांचे मीठ वाढले त्यांच्या खेपाही वाढल्या. कडक भाकरी, शेंगाचटणी, वर लोणचे आणि पापड असे आपले रात्रीचे ताट ज्यांस प्रिय आहे त्यांनी एक पंधरवडा तरी ते दुपारी हलवून पाहावे. उन्हाळ्यात मात्र पाणी तोडू नये. सोलापूरच्या मे महिन्यात तहान मारणारा वृद्ध लघवीपायी जीव धोक्यात घालतो. पाणी सकाळपासून दुपारपर्यंत भरपूर प्यावे, तिन्हीसांजेनंतर बेताने.

मग सुई टोचून घ्यावी का? तपासणी झाली असेल, साखर, हृदय, प्रोस्टेट यांचा उलगडा झाला असेल आणि तरीही अनावर घाईने रात्री उठावे लागत असेल तर घेण्यास हरकत नाही. महाराष्ट्राने २०१५ साली ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा केला आहे आणि केंद्र सरकारने २०१९ साली ही उपचारपद्धती स्वतंत्र म्हणून मान्य केली. तेव्हा नोंदणी आहे का, हे उपचार करणाऱ्यास विचारण्यात संकोच नको. सुई पाकिटातून आपल्यासमोर काढलेली, एकदाच वापरावयाची असावी. रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास आधी सांगावे. हृदयात पेसमेकर असल्यास विजेची सुई नको. गर्भवतीने घोट्यावरचा तो बिंदू टोचून घेऊ नये असे चिनी वैद्य परंपरेनेच सांगत आले आहेत. बारा बैठका झाल्यावर पुन्हा तीन दिवस तीच वही भरावी आणि आधीच्या पानाशेजारी ठेवून पाहावी. खेपा कमी झाल्या नसतील तर तेराव्या बैठकीचे पैसे देऊ नयेत.